‘खट्’ आवाजाचा इतिहास: स्क्रूशिवाय जोडलेले रेडिएटर

गाडीच्या पुढच्या जाळीमागे एकच रेडिएटर असतो असं आपल्याला वाटतं. पण तिथे बहुतेक वेळा जोडी असते: पुढे एसीचा कंडेन्सर, मागे इंजिनाचा रेडिएटर. मग हे एकमेकांना धरतात कसे?

सुरुवात एकट्याने झाली. 1886 ची कार्ल बेन्झची गाडी पाण्याची वाफ करून थंड व्हायची. पाणी सारखं भरावं लागे. 1900 च्या अखेरीस विल्हेल्म मायबाख यांनी 35 हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजला 8,070 बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला. शेजारी आला तो 1940 च्या मॉडेलमध्ये. अमेरिकेत पॅकार्डने एसी दिला आणि कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसला.

तांब्या-पितळेच्या रेडिएटरवर काही लावायचं तर पट्टी जोडा, बोल्ट आवळा. 1970 च्या दशकात युरोपात ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या, आणि खेळच बदलला. कारण प्लास्टिकच्या टाकीवर हुक, खाचा, लवचिक जीभ हे सगळं साच्यातूनच निघतं. कंडेन्सर हुकात सरकवा, जीभ ‘खट्’ करते, झालं! स्क्रू नाही, पाना नाही. असेंब्ली लाइनवर वेळ वाचतो. जोडात थोडी मोकळीक मात्र ठेवतात, कारण दोघं तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत.

याची किंमत मोजतो गॅरेजवाला. वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक ठिसूळ होतं. जीभ न दाबता ओढलं की ती तुटते, आणि ती टाकीचाच भाग! म्हणून जोर लावण्याआधी जीभ शोधा.