जगबुडीच्या कादंबऱ्या

वाङ्मयाचा इतिहास लिहितांना ज्या ग्रंथांना टीकाकारांनीं मान दिला त्यांचाच विचार बहुधा होतो. जीं पुस्तकें घरोघर पानें सुटेपर्यंत वाचलीं जातात तीं इतिहासकाराच्या दृष्टीआड राहतात. अमेरिकेंतील ख्रिस्ती समाजांत शंभराहून अधिक वर्षें चालत आलेल्या जगबुडीच्या कादंबऱ्या ह्या दुसऱ्या वर्गांतील होत. १९९५ सालीं टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स ह्या जोडीनें ‘लेफ्ट बिहाइंड’, म्हणजे ‘मागें राहिलेले’, ह्या नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. लाहे हे धर्मोपदेशक. कथेचा आराखडा त्यांचा. जेन्किन्स हे व्यवसायानें लेखक, लेखणी त्यांची. २००४ पर्यंत मूळ कथेचे बारा भाग निघाले, आणि मागचेपुढचे धरून मालिका सोळा भागांची झाली. तिच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचें सांगितलें जातें. नववा भाग ‘डेसिक्रेशन’ हा तर २००१ सालीं अमेरिकेंत सर्वांत अधिक खपलेली कादंबरी ठरला. एवढ्या मोठ्या वाचकवर्गाला भोळसट म्हणून बाजूला सारणें सोपें आहे. पण त्यानें कांहींच उलगडत नाहीं. ह्या लोकांना त्या कथेंत काय सांपडलें, आणि तें देतांना कथेनें त्यांच्यापासून काय काढून घेतलें, हें पाहिलें पाहिजे.

कथेचा आरंभ आकाशांत होतो. रेफर्ड स्टील नांवाचा वैमानिक प्रवाशांनीं भरलेलें जंबो विमान घेऊन शिकागोहून लंडनला निघाला आहे. घरीं धर्मनिष्ठ पत्नी आहे; तिच्या भक्तीचा त्याला कंटाळा आला असून विमानांतील एका तरुण हवाईसुंदरीकडे त्याचें मन ओढ घेत आहे. विमान अटलांटिकवर असतां कित्येक प्रवासी एकाएकीं नाहींसे होतात. त्यांचे कपडे तेवढे आसनांवर पडलेले राहतात. लौकरच कळतें कीं, हा प्रकार साऱ्या पृथ्वीवर घडला आहे. खऱ्या श्रद्धावंतांबरोबर जगांतील एकूणएक लहान मूल, मातेच्या उदरांतील गर्भसुद्धां, अदृश्य झालें आहे. रेफर्ड घरीं पोंचतो तों पत्नी व धाकटा मुलगा दोघेंहि गेलेलीं. पुढें पत्नीच्या चर्चमध्यें त्याला एक व्हिडिओ-फीत मिळते. असा प्रसंग आल्यास मागें राहिलेल्यांनीं पाहावी म्हणून तेथील धर्मोपदेशकानें ती आधींच तयार करून ठेविलेली असते, आणि आतां पुढें काय काय होणार हें तींत समजावून सांगितलेलें असतें. ह्या फितींत सगळ्या मालिकेचें मर्म आहे. सर्वनाश झाला खरा, पण त्याचें वेळापत्रक हातांत आहे.

हें वेळापत्रक बायबलांतील आहे असें लेखक म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. बायबलाच्या शेवटीं असलेला ‘प्रकटीकरण’ हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, रोमच्या सत्तेखालीं दडपल्या गेलेल्या आशिया मायनरांतील मंडळ्यांसाठीं लिहिला गेला. त्यांतील श्वापद म्हणजे रोमचें साम्राज्य, व ६६६ हा आंकडा म्हणजे नीरो बादशहाच्या नांवांतील अक्षरांची बेरीज, असें बहुतेक विद्वान मानतात. सम्राटापुढें मान न वांकविणाऱ्या मूठभर गरिबांना दिलेला तो धीर होता. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द त्या ग्रंथांत एकदांहि येत नाहीं. तो योहानाच्या पत्रांतील आहे. श्रद्धावंतांना अकस्मात् वर उचलून नेलें जाण्याची, ज्याला इंग्रजींत रॅप्चर म्हणतात ती, कल्पना पौलानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतून घेतलेली आहे. तें पत्र मुळांतून वाचावें. तेथील मंडळींतील कांहीं माणसें वारलीं होतीं. प्रभु परत येईल तेव्हां आपल्या मृत आप्तांचें काय होणार, ह्या चिंतेंत मागची माणसें होतीं. पौल त्यांना सांगतो कीं, मृत आधीं उठतील आणि मग जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत प्रभूला भेटतील. हें शोक करणाऱ्यांचें सांत्वन होतें, ताटातूट संपण्याचें वचन होतें. त्याच वचनापासून पुढें ताटातुटीच्या कथा निर्माण झाल्या, ही ह्या इतिहासांतील सर्वांत विलक्षण गोष्ट होय.

हा पालट घडविणारा पुरुष जॉन नेल्सन डार्बी. १८०० सालीं जन्मलेला हा मनुष्य आयर्लंडच्या चर्चमधील धर्मोपदेशक होता; पुढें तें सोडून तो प्लिमथ ब्रदरन नांवाच्या पंथाचा पुढारी झाला. दानीएलाच्या ग्रंथांतील सत्तर सप्तकांपैकीं शेवटचें सप्तक, म्हणजे सात वर्षें, अद्यापि व्हावयाचीं आहेत. त्यांच्या आरंभापूर्वींच ख्रिस्त गुप्तपणें येऊन आपल्या लोकांना घेऊन जाईल, आणि मग उरलेल्या जगावर महासंकट कोसळेल, असें त्यानें प्रतिपादिलें. १८६२ ते १८७७ ह्या काळांत तो अनेकदां अमेरिकेंत गेला. तेथील भूमि ह्या बीजाला अनुकूल होती, पण पोळलेलीहि होती. विल्यम मिलर नांवाच्या शेतकऱ्यानें दानीएलांतील २३०० दिवसांचीं वर्षें धरून ख्रिस्ताच्या आगमनाचें गणित मांडलें होतें, आणि अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस त्याच्या अनुयायांनीं नक्की केला होता. कित्येकांनीं पिकें शेतांत तशींच राहूं दिलीं. दिवस उगवला आणि मावळला. डार्बीच्या मतांत तारीखच नव्हती. आगमन आज होईल, उद्यां होईल, शंभर वर्षांनीं होईल. तें खोटें ठरण्याची सोयच त्यानें ठेविली नाहीं.

ह्या अपेक्षेंत जगणें कसें असतें, ह्याचें एक चित्र इंग्रजी वाङ्मयांत आहे. तें कादंबरींतलें नाहीं. समुद्रजीवांचा नामांकित अभ्यासक फिलिप हेन्री गॉस हा ह्याच पंथांत वाढलेल्या विचारांचा होता. त्याचा मुलगा एडमंड गॉस ह्यानें १९०७ सालीं ‘फादर अँड सन’ ह्या पुस्तकांत आपल्या बापाचें चरित्र रंगविलें आहे. आपणांस मरण यावयाचेंच नाहीं, त्याआधींच प्रभु आपणांस नेईल, अशी त्या वृद्धाची आशा होती. १८८८ सालीं मरण आलें तेव्हां त्याच्या मनाला लागलेली निराशा मुलानें पाहिली. विश्वास न उरलेल्या मुलानें विश्वासू बापाविषयीं लिहिलेलें तें पुस्तक कठोर आहे, पण त्यांत माणूस दिसतो.

१९०९ सालीं सायरस स्कोफील्ड ह्याचें सटीप बायबल निघालें व डार्बीचें मत घरोघर गेलें. मूळ वचन वर आणि टीप त्याच पानावर खालीं. दोहोंतील अंतर सामान्य वाचकाला कोठून उमगावें? कादंबऱ्याहि त्याच सुमारास सुरू झाल्या. कॅथॉलिक पंथांत मात्र डार्बीचें मत मान्य नव्हतें. तरी रॉबर्ट ह्यू बेन्सन ह्या धर्मोपदेशकानें १९०७ सालीं ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ ही ख्रिस्तविरोध्याची कादंबरी लिहिली, आणि ती ह्या सगळ्या प्रकारांत वरच्या दर्जाची आहे. पुढें दोन महायुद्धें झालीं, अणुबॉम्ब पडला, १९४८ सालीं इस्रायल स्थापन झालें, आणि भविष्यवाद्यांना वर्तमानपत्रच पुरें होऊं लागलें. हॅल लिंडसे ह्याच्या १९७० सालच्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ ह्या पुस्तकानें १९४८ पासून सुमारें चाळीस वर्षांच्या पिढीचा हिशोब सुचविला. पुस्तक कादंबरी म्हणून लिहिलेलें नव्हतें, खपलें मात्र कादंबऱ्यांहून अधिक. १९८८ साल आलें आणि गेलें. १९९१ मध्यें सोव्हिएट संघ मोडला. शत्रूचें ठाणें बदललें, वेळापत्रक तेंच राहिलें. १९७२ चा ‘अ थीफ इन द नाइट’ हा चित्रपट चर्चांतून मुलांना दाखविला जात असे. शाळेंतून घरीं यावें, घर रिकामें दिसावें, आणि आई बाजारांत गेली असेल असें न वाटतां तिला देवानें नेलें व आपण मागें राहिलों असें वाटून मुलानें घाबरून जावें, असे अनुभव त्या पिढीतील अनेकांनीं पुढें सांगितले आहेत.

एवढें असून लोक ह्या कथा आवडीनें कां वाचतात? नुसत्या भीतीनें कोणी बारा भाग वाचीत नाहीं. १९२५ सालीं टेनेसी प्रांतांतील डेटन गांवीं उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला, तेव्हांपासून अमेरिकेंतील सनातनी ख्रिस्ती हा शहरी लेखकांच्या थट्टेचा विषय होऊन बसला होता. ह्या कादंबऱ्यांत पारडें फिरतें. जिला नवरा कंटाळला होता ती साधी गृहिणी बरोबर ठरते, आणि हुषार, मिळवता, देखणा नवरा चुकलेला. शिवाय मागें राहिलेल्यांना पश्चात्तापाची संधि आहे. रेफर्ड, त्याची कॉलेजांत शिकणारी मुलगी क्लोई, वार्ताहर बक विल्यम्स ह्यांना उशिरा कां होईना दार उघडें सांपडतें. ज्याचा मुलगा किंवा नवरा धर्मापासून दूर गेला आहे अशा वाचकाला ह्या संधीचें मोल काय वाटत असेल हें सांगावयास नको. आपणहि हंसण्याची घाई करूं नये. १९६२ च्या फेब्रुवारींत मकर राशींत अष्टग्रही झाली तेव्हां जगबुडीच्या धास्तीनें आपल्या देशांत ठिकठिकाणीं यज्ञयाग झाले. फरक एवढाच कीं, आपल्या पुराणांत कलियुगच ४,३२,००० वर्षांचें, आणि तें संपल्यावर पुन्हां कृतयुग ठेविलेलेंच. त्यामुळें आपली भीति आली तशी ओसरते.

परंतु कथेचा खरा दोष तिच्या भविष्यांत नाहीं, तिच्या हृदयांत आहे. जगांतील एकूणएक मूल एका क्षणांत नाहींसें झालें आहे. ह्याहून मोठा आकांत कल्पनेंत येत नाहीं. लेखक काय करतात? रेफर्ड पत्नीसाठीं रडतो, तें खरें वाटतें. पण कांहीं दिवसांतच कचेऱ्या चालूं होतात, विमानें उडतात, दूरध्वनि खणखणतात, परिषदा भरतात. रिकामे पाळणे कोणाला दिसत नाहींत. मुलें कां गेलीं हें वाचकाला ठाऊक आहे, तेवढ्यानें मातांचें दुःख जणूं निकालांत निघालें! प्रचारासाठीं लिहिलेली कादंबरी अशीच असावयाची, असें कोणी म्हणेल. पण बाबा पदमनजींची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ हीहि प्रचारासाठींच लिहिलेली ख्रिस्ती कादंबरी आहे. तिची रचना ओबडधोबड असेल, शेवटचा उपदेश आपणांस पटणार नाहीं. पण गांवोगांवच्या विधवांचे हाल लेखकानें पाहिले आहेत, आणि ते वाचतांना आपण त्याचा धर्म विसरतों. दुःख पाहावयास प्रचार आडवा येत नाहीं. आडवें येतें तें उत्तर आधींच हातीं असण्याचें समाधान.

दुसरा दोष समाजाच्या दृष्टीनें अधिक घातक आहे. मालिकेंतील ख्रिस्तविरोधी निकोलाय कार्पेथिया हा रुमानियाचा तरुण मुत्सद्दी संयुक्त राष्ट्रसंघाचा प्रमुख होतो. तो राष्ट्रांना शस्त्रें मोडावयास लावतो, इस्रायलशीं सात वर्षांचा करार करितो, सर्व जगाची एक व्यवस्था उभारतो. आणि ह्याच खुणांवरून वाचकानें त्याला ओळखावयाचें. ज्या धर्माच्या डोंगरावरील उपदेशांत शांति करणाऱ्यांना धन्य म्हटलें आहे, त्याच धर्माचीं लक्षावधि घरें शांतीची भाषा ऐकतांच संशय घेण्यास ह्या कथांतून शिकलीं. ह्यासाठीं रशियन तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्ह्योव ह्यानें १९०० सालीं लिहिलेली ख्रिस्तविरोध्याची छोटी कथा शेजारीं ठेवून पाहावी. त्याचा सम्राट खरोखरच संयमी, दानशूर, प्राण्यांवरहि दया करणारा आहे. तो युद्धें थांबवितो, भुकेल्यांना अन्न देतो. मग तो सर्व पंथांची परिषद बोलावून प्रत्येकाला जें प्रिय तें देऊं करितो: कॅथॉलिकांना पोपचें रोममधील आसन, पौर्वात्य चर्चला प्राचीन अवशेषांचें संग्रहालय, प्रॉटेस्टंटांना बायबलाच्या संशोधनाची संस्था. बहुतेक उठून त्याच्याकडे जातात. थोडेसेच जागीं बसून राहतात, आणि त्यांतील वृद्ध योहान त्याच्यापाशीं केवळ ख्रिस्ताचें नांव घेण्याची मागणी करितो. ही कथा वाचणाऱ्याला प्रश्न पडतो कीं, आपण उठलों असतों कीं बसलों असतों? कार्पेथियापुढें हा प्रश्न पडतच नाहीं. तो आपल्या शत्रूंच्या बाजूचा आहे हें आपणांस आरंभापासून ठाऊक असतें, आणि मोह कसला तो पडतच नाहीं.

म्हणूनच बाराव्या भागांत, ‘ग्लोरियस अपिअरिंग’मध्यें, ख्रिस्त परत येतो आणि त्याच्या मुखांतील शब्दांनींच समोरच्या सैन्याचीं शरीरें फाटून पडतात, तेव्हां तें वर्णन भयंकर न वाटतां हिशोब मिटविल्यासारखें वाटतें. त्या सैनिकांनाहि आया होत्या, हें तोंपर्यंत वाचक विसरून गेलेला असतो. २००५ व २००६ ह्या वर्षांत लेखकांनीं पूर्वकथेचे तीन भाग लिहिले, आणि २००७ सालीं ‘किंग्डम कम’ हा शेवटचा. ‘प्रकटीकरणां’त ज्याचें वचन आहे तें ख्रिस्ताचें सहस्र वर्षांचें राज्य त्यांत आहे. सात वर्षांच्या संहाराला बारा भाग लागले होते. हजार वर्षांच्या शांतीला एकच पुरला.