पानशेत : १२ जुलै १९६१चे तास

पावसाळ्याच्या तोंडावर
पुण्याच्या वरच्या अंगाला, वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण उभं राहत होतं. ते १९६२ साली पुरं व्हायचं होतं, पण एक वर्ष आधीच पाणी साठवायचं ठरलं. कोळी नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटत नाही. इथे मात्र ऐन पावसाळ्यात अर्धवट बांधकामामागे पाणी अडवलं. पाणी सोडायच्या मोरीची दारं उचलणारी यंत्रणाच बसलेली नव्हती. पानशेत फुटायला सुरुवात झाली ती इथे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१० आणि ११ जुलै
पाऊस उसंत देईना. जलाशय झपाट्याने चढत गेला. मोरीतून पाणी हिसके देत, आदळत बाहेर पडत होतं आणि तिच्या वरचा भराव खचू लागला होता.

११ जुलै, रात्र
लष्कराचे जवान धरणावर पोचले. मुसळधार पाऊस, पायाखाली चिखल. वाळूची पोती भरायची, पाठीवर घेऊन माथ्यावर चढायचं, खचलेल्या जागी रचायची. रचलेला थर भरावासोबत खाली बसायचा की त्यावर पुन्हा नवा थर. पाणी माथ्याला टेकायला थोडंच अंतर उरलं होतं. तरी कुणी हटलं नाही. धरण वाचलं नाही, पण रात्र निभावली. हेच धरण मध्यरात्री फुटलं असतं तर झोपेतलं पुणं वाहून गेलं असतं. पुण्याला उजेड मिळाला तो या पोत्यांमुळे.

१२ जुलै, सकाळी सातच्या सुमारास
खचलेल्या जागेवरून पाणी उलटलं आणि धरण फुटलं. लोंढा खडकवासल्याकडे निघाला.

सकाळ ते दुपार
खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ सालचं, आधीच काठोकाठ भरलेलं. आता माथ्याच्या सबंध लांबीवरून सुमारे ९ फूट पाणी वाहू लागलं. तरीही जुन्या बांधकामाने काही तास तग धरला. इकडे शहरात बातमी आणि अफवा एकत्रच धावत होत्या. कुणी मुलांना घेऊन पर्वतीच्या टेकडीकडे निघालं, तर कुणी नदीचं पाणी बघायला लकडी पुलाकडे. पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं, पूल बुडाले.

दुपार
खडकवासलाही फुटलं. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले मातीचे वाडे एकामागून एक बसले. वरच्या मजल्यावर आसरा घेतलेल्यांच्या पायाखालचा मजलाच गेला.

संध्याकाळनंतर
पाणी ओसरलं. घरात गुडघाभर गाळ आणि नळाला पाणी नाही, कारण शहराला पाणी पाजणारं खडकवासलाच रिकामं झालं होतं. पुनर्वसनाची धुरा सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या.

पानशेत पुन्हा बांधलं गेलं. आजही पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची सूचना येते. ती आली की नदीपात्रातली गाडी काढा, काठच्या वस्तीतल्या ओळखीच्यांना फोन करा, आणि पाणी बघायला भिडे पुलावर जाऊ नका.