स्वयंपाकघरातली लंबगोल फळी

आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात एक लंबगोल लाकडी फळी आहे. साडेआठ इंच लांब, पावणेसहा इंच रुंद, १२ मिलिमीटर जाड. घरातल्या बहुतेकांनी तिच्यावर कधी ना कधी गरम पातेले टेकवले असेल. एका कडेने ती जरा करपलेली आहे, तो वहिनीच्या कुकरचा प्रताप! या फळीच्या मधल्या रेषेवर दोन बारीक भोके आहेत, खिळ्याची असावीत तशी. आई म्हणायची, भिंतीला टांगायला केली असतील. पण टांगायला एक भोक पुरते, दोन कशाला? हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणालाच पडला नाही. मलाही नाही.

दिवाळीत भाचा आला. दादाची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचा त्याने चंग बांधला आहे. मागच्या सीटच्या पाठीमागची, काचेखालची फळी त्याने सोडवून बाहेर काढली. रेक्झिन सोलले, तर आत प्लायवूड आणि त्यात दोन लंबगोल खिडक्या. तो तसाच आत आला, पातेले बाजूला करून आमची फळी उचलली आणि एका खिडकीत बसवून दाखवली. करवतीच्या पात्याएवढी फट सोडली, तर चपखल! "आत्या, हा स्पीकरच्या भोकाचा तुकडा आहे," तो म्हणाला.

तर ही गोष्ट त्या भोकाची. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला तो राजांचा नि तहांचा. आज एका भोकाचा इतिहास सांगते.

मोटारीत आवाज कधी आला? अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीत बसेल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिले मोटोरोला. पुढे कंपनीचेच नाव तेच झाले. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हना जास्त व्होल्टेज लागे आणि मोटारीची बॅटरी मोजक्या व्होल्टची, त्यामुळे मध्ये आणखी एक यंत्रणा लागायची. ट्रान्झिस्टर आल्यावर हे लचांड सुटले. १९५५ साली क्रायस्लरने पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ दिला.

आपल्याकडचे चित्र वेगळे. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले, विविध भारती १९५७ साली आली. पण मोटारच मुळात नवलाईची. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात फियाट तयार होई, तीच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. नंबर लावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहा, असा तो जमाना. ग्राहक दारात हात जोडून उभा असताना कारखाना गाडीत गाण्याची सोय कशाला करून देईल? रेडिओ हवा असेल तर आपला आपण बसवा, त्याचा परवाना काढा, टपाल कचेरीत वर्षाचे पैसे भरा. हा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होता, हे आजच्या मुलांना सांगितले तर हसतात.

पण रेडिओपुरते ठीक होते. रेडिओचा आवाज एकच, त्याला स्पीकरही एकच पुरे. समोरच्या डॅशबोर्डात किंवा त्याच्याखाली कुठेतरी तो मावायचा. पंचाईत केली ती कॅसेटने. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट दाखवली. वीस वर्षांत ती आपल्या पानाच्या ठेल्यापर्यंत पोचली. दीक्षाभूमीवर येणारी माणसे परत जाताना भीमगीतांच्या कॅसेट घेऊन जाऊ लागली, लग्नात आहेर म्हणून कॅसेट येऊ लागल्या. आणि कॅसेटचा आवाज स्टिरिओ, म्हणजे डावा वेगळा आणि उजवा वेगळा. आता स्पीकर निदान दोन हवेत, तेही एकमेकांपासून लांब. गाडीत तर त्यांच्यासाठी जागाच नाही!

ही जागा ज्यांनी केली ते सुतार आणि कुशनवाले. टेप जपानचा, कॅसेट परदेशातली कल्पना, गाडीचे मूळ इटलीचे. पण या सगळ्यांना एकमेकांत बसवणारी फळी मात्र इथल्या हाताने कापलेली.

दादाने टेप घेतला १९८४ साली. वसंतराव देशपांडे नुकतेच आदल्या वर्षी गेले होते. आपल्या नागपुरात वाढलेला गवई, त्यांच्या कॅसेट गाडीत लावायच्या एवढीच त्याची हौस. आधी एकाकडून त्याने पुढच्या दोन्ही दरवाजांच्या आतल्या हार्डबोर्डला गोल भोके पाडून स्पीकर लावून घेतले. जुलै उजाडला आणि हार्डबोर्ड भिजल्या पापडासारखा फुगला, स्पीकरचा कागदी पडदा लिबलिबीत झाला. वसंतराव पडशाने बेजार झाल्यासारखे गाऊ लागले.

मग कोणीतरी लाकडगंजातल्या एका मिस्त्रींचे नाव सुचवले. (त्यांचे नाव इथे लिहीत नाही, ते आता नाहीत आणि घरच्यांना मी विचारलेले नाही.) त्यांनी दरवाजा उघडला, खालची कड दाखवली आणि म्हणाले, "भाऊ, दरवाजा आतून ओलाच असते. काचेच्या फटीतून पाणी आत जाते अन् खालच्या छिद्रांतून निघते. तिथं उघडं लाकूड चालत नाही." आम्ही सगळे त्या छिद्रांकडे पाहत राहिलो. गाडी सहा वर्षांची, पण ती कधी कोणी पाहिली नव्हती. दरवाजात स्पीकर लावायचा तर आतला प्लास्टिकचा पडदा शाबूत ठेवावा लागतो, फळीच्या कडा नि मागची बाजू रंगाने बंद करावी लागते आणि काच पूर्ण खाली घेतल्यावर ती स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही ना हे आधी मोजावे लागते, हे सगळे त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगितले.

शेवटी स्पीकर मागे बसवायचे ठरले. त्याचे कारण भाच्याने मला आता समजावले. आज आपण वापरतो त्या धर्तीचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. त्याचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या अगदी उलट. दोघे कडेवरून वळून एकत्र आले की एकमेकांना खातात. खर्ज तर हमखास जातो, कारण त्याच्या लाटा लांब. सेकंदाला शंभर कंपनांचा सूर घेतला तर त्याची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर भरते. म्हणून स्पीकर उघडा वाजवला तर पिपाणीसारखा वाजतो आणि फळीत बसवला की भरतो. फळीचे काम सजावटीचे नाहीच. पुढची हवा आणि मागची हवा यांची गाठ पडू न देणे हे तिचे काम.

पद्मिनीत ही सोय आयती होती. मागच्या फळीच्या वर माणसे, खाली डिक्की. स्पीकर त्या फळीत बसवला की अख्खी डिक्की त्याची पेटी होते. मात्र मूळची पातळ फळी आवाजाबरोबर फडफडते. म्हणून मिस्त्रींनी ती काढून १२ मिलिमीटरचे प्लायवूड घातले आणि सीटमागच्या फटी प्लाय नि नमद्याने बुजवल्या. स्पीकर घेतले सहा बाय नऊचे लंबगोल, कारण फळी अरुंद आणि पडदा मोठा हवा. बोटाच्या पेरांनी ठोकत ठोकत ते फळीभर कान लावून फिरले. जिथे पोकळ वाजले तिथे खालून पट्टी मारली.

लाकडगंज म्हणजे सागवानाचे माहेरघर. अलापल्ली-बल्लारशाहकडचे सागवान, ज्याचे आज एवढे कौतुक होते. दादा म्हणाला, चांगले सागवानच लावा की! मिस्त्री हसले. एकसंध लाकूड आडव्या अंगाने हलते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, एक हलू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. आणि उन्हाळा तरी कुठला, तर नागपूरचा! २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. बंद गाडीत, काचेखाली, त्याहून कितीतरी जास्त. तिथे देखणेपणा टिकत नाही, टिकते ते न हलणारे.

नंतरचे काम कुशनवाल्याचे. फोमचा पातळ थर, त्यावर रेक्झिन. (रेक्झिन हे मूळचे इंग्लंडमधल्या एका कंपनीचे नाव, आपण ते जातिवाचक करून टाकले.) सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे. घाई केली की मे महिन्यात फुगे येतात. कोपऱ्यावर रेक्झिनला मागून चिरा द्यायच्या, म्हणजे चुण्या पडत नाहीत. आमचे रेक्झिन चाळीस वर्षांनी सोलावे लागले, तेही कडेने आपसूक निघाले नाही.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीने हे शास्त्र उलटेपालटे केले. तिला वेगळी बंद डिक्की नाही, मागचा दरवाजा उघडला की फळीही वर उचलली जाते. आयती पेटी गेली. म्हणून स्पीकर पुन्हा दरवाजात आले, सीटमागे वेगळ्या पेट्या आल्या. दरवाजाच्या वळणाला सपाट प्लाय बसेना, तेव्हा फायबर आले. प्लायच्या कड्या हव्या त्या कोनात उभ्या करायच्या, त्यावर कापड ताणायचे, त्याला रेझिन पाजायचे, वाळून कडक झाले की मागून काचतंतूचे थर द्यायचे, वरून पुट्टी, मग आधी जाड आणि नंतर बारीक पॉलिश पेपर. पेटी किती मोठी हवी याचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी मांडले होते. आजचे कारागीर ते मोबाइलवर करतात. आता नव्या गाड्यांत स्पीकर कारखान्यातूनच येतात, शिवाय एअरबॅग असतात. त्यांच्या वाटेत फळी उभी करणे म्हणजे जिवाशी खेळ, हेही आजच्या मिस्त्रीला माहीत असावे लागते.

असो. पुन्हा फळीकडे. ती दोन भोके कसली? भाच्याने पट्टी लावली, दोन भोकांत अंतर सव्वासहा इंच. मग वहीत गणित केले. साडेआठचा वर्ग, वजा पावणेसहाचा वर्ग, त्याचे वर्गमूळ. उत्तर ६.२६! मिस्त्रींनी दोन खिळे ठोकले होते, सुतळी बांधली होती आणि ती ताणत पेन्सिल फिरवली होती. दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम राहते तो आकार म्हणजे लंबवर्तुळ. ही व्याख्या मुले माझ्या शेजारच्या वर्गात घोकायची, भिंतीतून ऐकू यायची. मिस्त्री ती आमच्या अंगणात उकिडवे बसून आखत होते आणि मी त्यांना चहा नेऊन दिला होता. पाहिले, पण दिसले नाही.

हे मला का लागले ते सांगते. नागपूरपासून दोन तासांच्या आत वर्धा. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातूनच शिकवावे, तेच शिक्षणाचे केंद्र असावे, असा विचार तिथे मांडला गेला आणि त्याचा अभ्यासक्रम आखायला झाकीर हुसेन यांची समिती नेमली. पुढे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव हा शब्द दिला. आमच्या वेळापत्रकात तो तास होता. मी त्या तासाला काय केले? वह्या तपासल्या. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांना देऊन टाकला आणि त्यांनी त्या तासाला लंबवर्तुळ शिकवले, फळ्यावर, खडूने, सुतळीशिवाय.

कोणी मला तसे करायला लावले नव्हते. हाताचे काम हे न शिकलेल्यांचे, असे मनात कुठेतरी पक्के होते. मिस्त्रींना मी त्या दिवशी "किती शिकलात?" असे विचारले होते. ते म्हणाले, "चौथी, बाई." मी "अरेरे" म्हणाले होते. तो शब्द आता परत घेता येत नाही.

गॅल्व्हिन, राइस, केलॉग यांची नावे पुस्तकांत आहेत आणि असायलाच हवीत. त्यांचा आवाज आमच्या गाडीत ज्यांनी नांदवला त्यांची खूण म्हणजे फक्त दोन खिळ्यांची भोके. भाच्याने गाडीसाठी नवी फळी कापायला घेतली आहे. जिगसॉ आणला आहे त्याने, पण आकार मात्र मी आखला. दोन खिळे, एक सुतळी. पहिल्या वेळी सुतळी सुटली, दुसऱ्या वेळी खिळा हलला. तिसऱ्या वेळी जमले.

जुनी लंबगोल फळी धुऊन पुन्हा ओट्यावर ठेवली आहे. कुकर तिच्यावरच ठेवा. फक्त कोणी विचारले की भोके कसली, तर आता सांगता येईल.