मोटारीचें स्थैर्ययंत्र व शून्याचा दोष

गाडी वळणावर घसरली म्हणजे दोष चालकाचा कीं गाडीचा, हा वाद मोटारीइतकाच जुना आहे. या वादांत एक यंत्र पंच म्हणून कसें आलें, आणि पंचच चुकूं लागला तर त्याची परीक्षा कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

१९७८ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची, ब्रेक दाबतांना चाकें जखडूं न देणारी योजना मर्सिडीजच्या मोटारींत आली. तिच्यामुळें ब्रेक दाबूनही गाडी वळवितां येऊं लागली. परंतु सबंध गाडीच गरकन् फिरूं लागली तर तिला सांवरण्याचें सामर्थ्य त्या योजनेंत नव्हतें. ही उणीव बॉशमधील अँटन फान झांटेन व त्यांचे सहकारी यांनीं दूर केली. १९९५ सालीं मर्सिडीजच्या एका मोठ्या गाडींत 'ईएसपी' ही स्थैर्ययोजना प्रथम आली.

तिचें तत्त्व सोपें आहे. चालकास कोठें जावयाचें आहे तें स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो. गाडी प्रत्यक्षांत किती फिरत आहे तें दुसरा सेन्सर सांगतो. दोहोंत अंतर पडलें कीं यंत्र नेमक्या एखाद्या चाकाचा ब्रेक लावून गाडीस इच्छित मार्गावर आणतें.

ही सोय श्रीमंतांपुरतीच राहिली असती. पण ऑक्टोबर १९९७ मध्यें स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाच्या चांचणींत मर्सिडीजची लहान 'ए-क्लास' गाडी उलटली. रस्त्यावर अचानक आलेलें एल्क हरिण चुकविण्याची ती चांचणी होती. त्यानंतर कंपनीनें त्या लहान गाडीसही ही योजना सरसकट दिली. पुढें अमेरिकेंत २०१२ च्या मॉडेलांपासून व युरोपीय संघांत नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींस ती सक्तीची झाली.

आतां या पंचाचें वर्म पाहूं. त्याचा सारा न्याय 'सरळ' म्हणजे काय, या एका शून्यावर उभा आहे. चाकांची अलाइनमेंट केली, स्टिअरिंगचा भाग काढून बसविला, कांहीं गाड्यांत बॅटरी सोडविली, तरी हें शून्य ढळतें. मग चालक सरळ जात असतां सेन्सर त्यास वळवितांना पाहतो. इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि क्वचित् निष्कारण ब्रेकही लागतो.

अशा वेळीं सेन्सरच बदलण्याची घाई करूं नये. प्रथम टायरांतील हवा व अलाइनमेंट पाहावी. मग सपाट, सरळ रस्त्यावर चाकें सरळ ठेवून स्कॅनरवर कोन वाचावा. तो शून्याच्या आसपास नसेल, पण स्टिअरिंग सावकाश डावीउजवीकडे फिरवितांना आंकडा एकसारखा बदलत असेल, तर सेन्सर बहुधा निर्दोष असून केवळ शून्य पुन्हां लावावयाचें असतें. आंकडा मध्येंच उडी मारीत असेल तर मात्र सेन्सर किंवा त्याच्या तारा तपासाव्या.

दिवा पेटला तरी गाडी नेहमीप्रमाणें चालते, म्हणून पुष्कळ गृहस्थ त्याकडे दुर्लक्ष करितात. परंतु ऐन पावसांत, घाटाच्या वळणावर, मुलेंबाळें मागें बसलेलीं असतां तो पंच रजेवर असतो, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें. दुसऱ्याचा वांकडेपणा मोजणाऱ्यानें आधीं आपलें सरळ तपासून घ्यावें, हा न्याय यंत्रासही चुकत नाहीं.