छडीनंतर काय? : महाराष्ट्रातील शिक्षक-प्रशिक्षण आणि वर्गशिस्त – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 17 नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई असून, तसे करणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. हा निर्णय स्वागतार्हच होता. मात्र ज्या शिक्षकाच्या हातून छडी काढून घेतली, त्याला तिच्याजागी काय द्यावयाचे, हे शिक्षक-प्रशिक्षणाने कितपत शिकविले होते? या प्रश्नाच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील वर्गशिस्तीच्या प्रशिक्षणाचा धावता मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पंतोजींची शाळा

इंग्रजी अमदानीपूर्वी गावोगावी पंतोजींच्या खासगी शाळा चालत. देवळाच्या ओवरीत अथवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत भरणाऱ्या या शाळेत निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसत. कोणी धुळाक्षरे गिरवी, कोणी पाढे म्हणे, तर कोणी मोडी वळण घोटी. प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिके आणि थोरली मुले धाकट्यांना शिकवीत. पंतोजीला अध्यापनाचे कोणतेही प्रशिक्षण नसे. छडी, अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे या शिक्षा हीच त्याची शिस्तीची साधने होती. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी आपली म्हण याच परंपरेची साक्ष देते.

मद्रासहून लंडनला आणि परत

मुलांनी मुलांना शिकविण्याची ही एतद्देशीय रीत मद्रास येथील लष्करी अनाथाश्रमाचा अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल याने उचलली व 1797 मध्ये तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने तिच्याशी मिळतीजुळती पद्धत चालविली. एका शिक्षकाने नायक विद्यार्थ्यांकरवी शेकडो मुले सांभाळावयाची, हे तिचे सूत्र होते. लँकेस्टर छडीच्या विरोधात होता. परंतु तिच्याऐवजी त्याने बक्षिसे, श्रेणी आणि मुलाला सर्वांसमक्ष लज्जित करणाऱ्या शिक्षा आणल्या. शरीराची शिक्षा टळली तरी मनाची टळली नाही. आजच्या कायद्यातील ‘मानसिक छळ’ या शब्दांची पार्श्वभूमी इतकी जुनी आहे.

मुंबई इलाख्यात 1822 मध्ये स्थापन झालेल्या व पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने 1826 मध्ये 24 शिक्षक तयार करून मराठी व गुजराती जिल्ह्यांत पाठविले. 1854 च्या वुडच्या खलित्याने नॉर्मल स्कूलांचा पुरस्कार केल्यानंतर या कार्याला सरकारी धोरणाचे अधिष्ठान लाभले.

जोतीराव फुले यांची मागणी

1882 च्या हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षकांची मागणी केली. शिक्षक शेतकरी व कष्टकरी वर्गांतून यावेत, त्या मुलांच्या गरजा व इच्छा त्यांना उमजाव्यात आणि त्यांचे मासिक वेतन 12 रुपयांपेक्षा कमी नसावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वरवर पाहता ही मागणी वेतनाची व नेमणुकीची वाटते. तथापि तिचा शिस्तीशी निकटचा संबंध आहे. ज्या मुलाच्या घरचे जीवन शिक्षकाला परके आहे, त्याची गैरहजेरी शिक्षकाला उनाडपणा वाटते आणि त्याचे मौन उद्धटपणा. अशा गैरसमजातूनच शिक्षेची सुरुवात होते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर व पुणे येथे अध्यापनाचे शिक्षण घेतले होते, हेही या संदर्भात लक्षणीय आहे.

बोर्डी-कोसबाडचा प्रयोग

या विचाराला प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे रूप देण्याचे श्रेय गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्याकडे जाते. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मॉण्टेसरींच्या विचारांना भारतीय रूप देताना या मंडळींनी भय व लालूच ही दोन्ही साधने वर्ज्य मानली. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे 1957 मध्ये हे कार्य आदिवासी भागातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली. मुले येत नाहीत याचा दोष मुलांना न देता शाळेची वेळ, जागा व साधने बदलावयाची, ही येथील शिस्तीची कल्पना होती. महत्त्वाचे म्हणजे येथील शिक्षिकांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष मुलांच्या सहवासात होत असे.

प्रशिक्षण महाविद्यालयांतील पोकळी

मुख्य प्रवाहातील प्रशिक्षणाने मात्र निराळी वाट धरली. 1970 च्या दशकात आपल्याकडे सूक्ष्म अध्यापनाचा प्रसार झाला. पाच-दहा सहाध्यायींना विद्यार्थी मानून पाच-सहा मिनिटांचा पाठ घ्यावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. प्रश्न विचारणे, फलकलेखन यांसारखी कौशल्ये त्यातून निश्चितच साधतात. परंतु या ‘विद्यार्थ्यां’पैकी कोणीही उपाशी आलेला नसतो, कोणी भांडत नाही, कोणी खिडकीबाहेर पाहत नाही. याच सुमारास, 1970 मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांच्या निरीक्षणावरून असे दाखविले, की गैरवर्तनानंतर शिक्षक काय करतो यावरून यशस्वी शिक्षक ओळखता येत नाही. तो गैरवर्तन उद्भवू नये अशा रीतीने पाठ चालवितो. संपूर्ण वर्गाकडे त्याचे लक्ष असते आणि एका कृतीतून दुसरीकडे तो खंड न पडता जातो. हे कौशल्य भरलेल्या वर्गातच आत्मसात होऊ शकते.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा हद्दपार करण्याचे सांगितले. 2009 च्या कायद्याने पाचवीपर्यंत 30 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले. 2014 च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे करून शाळेतील अनुभवाचा कालावधी 20 आठवड्यांपर्यंत नेला. ही पावले योग्य दिशेची होती. परंतु निषेध आधी आला आणि तयारी मागाहून, हा क्रम नजरेआड करता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, एका शिक्षकाकडे पुष्कळ मुले सोपविण्याच्या गरजेतूनच छडी, नायक विद्यार्थी व श्रेणी या साधनांना बळ मिळाले. म्हणून वर्गातील संख्येचा विचार टाळून शिस्तीचा विचार करणे अपुरे आहे. दुसरी, छडीला समर्थ पर्याय महाराष्ट्राच्या भूमीवर सिद्ध झाला होता. तो उभा करणारे शिक्षक मुलांमध्ये राहून घडले होते. कायदा शिक्षकाचा हात रोखू शकतो. त्या हाताला दुसरे काम शिकविणे हे प्रशिक्षणाचे कर्तव्य आहे. ते पार पडले नाही, तर छडी टोमण्यांच्या व अपमानाच्या रूपाने वर्गात परत येते आणि तिचे वळ कोणाला दिसत नाहीत.