वाट आणि वहिवाट

मराठीत 'वाट' आणि 'वहिवाट' हे दोन शब्द शेजारी नांदतात. वाट पायाखालची असते. वहिवाट हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून सिद्ध होणारा हक्क असतो. एखादी वाट कोणी आखली हे शासकीय दप्तरातून सांगता येते. तिची वहिवाट कोणाची, हे शोधायचे तर मात्र दप्तराबाहेर पडावे लागते. कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील 'वेस्ट कोस्ट ट्रेल' या पायवाटेचा इतिहास वाचताना शब्दांची ही जोडी फार उपयोगी पडते.

ही वाट सुमारे ७५ किलोमीटरची आहे. एका टोकाला बामफील्डजवळचा पचीना उपसागर, दुसऱ्या टोकाला पोर्ट रेन्फ्र्यूजवळची गॉर्डन नदी, आणि मध्ये सीडर, हेमलॉक, स्प्रूस या महावृक्षांचे सततच्या पावसाने भिजलेले अरण्य. कड्यांवर उंच लाकडी शिड्या, नद्यांवर हातांनी दोर ओढून पुढे सरकवायचे पाळणे, चिखल, आणि ओहोटीची वेळ साधून पार करायचे खडकाळ किनारे. मे ते सप्टेंबर या काळात मर्यादित संख्येने परवाने घेऊन पदभ्रमण करणारे येथे येतात. 'मनुष्यस्पर्श न झालेला निसर्ग' अनुभवणे ही त्यांतील अनेकांची अपेक्षा असते. या अपेक्षेचे काय करायचे, हाच येथे खरा प्रश्न आहे.

उपलब्ध लिखित इतिहासानुसार या वाटेचा पहिला थर तारेचा आहे. १८८९-९० च्या सुमारास व्हिक्टोरियापासून केप बील येथील दीपगृहापर्यंत तारायंत्राची तार झाडाझाडांवरून नेण्यात आली. तिच्या देखभालीसाठी तारवाले ज्या पाऊलवाटेने जात, ती म्हणजे वाटेचा आराखडा. दुसरा थर मृत्यूने घातला. २२ जानेवारी १९०६ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली 'व्हॅलेन्शिया' ही आगबोट खराब हवामानात ह्वान द फूका सामुद्रधुनीचे मुख चुकली आणि पचीना टोकानजीक खडकावर आदळली. किनारा हाकेच्या अंतरावर होता, पण समोर सरळ कडा आणि मध्ये उसळता समुद्र. घाईने सोडलेल्या होड्यांपैकी बहुतेक उलटल्या. मदतीस आलेल्या जहाजांना जवळ जाता येईना. सुमारे दीड दिवस ही बोट लाटांखाली मोडत राहिली. शंभराहून अधिक माणसे दगावली. वाचली ती ३७. त्यांत एकही स्त्री वा मूल नव्हते. किनाऱ्याला लागलेल्या काही जणांनी कडा चढून ती तार गाठली आणि तिच्या आधाराने चालत जाऊन तारवाल्याच्या झोपडीतून केप बीलला वर्दी दिली.

या दुर्घटनेच्या चौकशीनंतर पचीना टोकावर दीपगृह उभे राहिले, आणि १९०७ पासून तारेची वाट रुंद करून, ठिकठिकाणी निवारे बांधून तिचे 'जीवरक्षक वाटे'त रूपांतर करण्यात आले. आज जी वाट हौसेने चालली जाते, ती मुळात बुडणाऱ्यांसाठी बांधली गेली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. पुष्कळ वर्णने येथूनच आरंभ करतात. जहाजफुटीला तारीख आहे, नावांची यादी आहे, अहवाल आहे. इतिहासाला लागणारी सामग्री तिच्यापाशी तयार आहे.

परंतु तार ज्या प्रदेशातून गेली तो ओसाड नव्हता. हू-आय-आत, डिटिडाट आणि पचिडाट या आदिम राष्ट्रांची ती वस्तीची भूमी. अखंड सीडर कोरून केलेल्या नावा हे त्यांचे प्रमुख वाहन होते, आणि गावागावांमधील व्यापाराच्या व येण्याजाण्याच्या पाऊलवाटाही होत्या. नंतरच्या वाटेचा काही भाग या जुन्या वाटांवरूनच जातो. अरण्यात आजही असे सीडर उभे आहेत, ज्यांच्या खोडावरून पूर्वी सालीची लांब पट्टी सोलून घेतलेली दिसते. दोर, चटया, वस्त्रे यांसाठी साल घेतली आणि झाड जिवंत ठेवले. ज्याला हा व्रण वाचता येतो त्याला येथे कोणी राहत होते हे वेगळे सांगावे लागत नाही; इतरांना ते केवळ एक जुने झाड वाटते.

मौखिक परंपरेचे प्रामाण्य किती, हा आपल्या वर्गांतून वारंवार चर्चिला जाणारा प्रश्न. पचीना उपसागराकाठचे एक गाव रात्रीच्या भूकंपानंतर आलेल्या लाटेने पुसून टाकले, अशी कथा हू-आय-आत लोकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. पुढे भूवैज्ञानिकांनी किनाऱ्यावरील गाळाचे थर आणि भूकंपाचा धक्का न जाणवताही जपानच्या किनाऱ्यावर आदळलेल्या त्सुनामीच्या तेथील जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि २६ जानेवारी १७०० ही त्या भूकंपाची तारीख निश्चित केली. कथेला दप्तराची साक्ष मिळाली हे खरे. पण साक्ष मिळण्यापूर्वीही ती कथा खरीच होती. 'पुरावा नाही' आणि 'घडले नाही' या दोन विधानांतील अंतर यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसते.

१९७० साली पॅसिफिक रिम राष्ट्रीय उद्यानाची स्थापना झाली आणि पुढे ही वाट त्यात समाविष्ट करण्यात आली. आज उद्यानाच्या अधिकृत नावात 'रिझर्व्ह' हा शब्द आहे. आदिम राष्ट्रांच्या भूमीहक्काचे प्रश्न पूर्णतः मिटलेले नाहीत, याची ती कायदेशीर कबुली. २०११ साली अमलात आलेल्या मा-नुल्थ तहाने हू-आय-आत राष्ट्राचे स्वशासन मान्य झाले. तिन्ही राष्ट्रांतील रक्षक आज वाटेची देखभाल करतात, आणि निटिनाट येथील वेगवान भरती-ओहोटीची खाडी ओलांडण्यासाठी डिटिडाट लोकांच्याच नावेत बसावे लागते. वहिवाट अशी अजून चालू आहे.

आपल्या खेड्यांत शेतकरी शेतावर जाताना 'रानात जातो' म्हणतो. रान या शब्दात झाडी आहे आणि कष्टणारा माणूसही आहे. माणसाला वगळून निसर्गाची शुद्धता सिद्ध करणाऱ्या संकल्पनेकडे पाहताना हा साधा शब्द अधिक प्रामाणिक ठरतो. प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना लेखकाला काय दिसले याची नोंद आपण घेतोच. त्याला जे निर्जन वाटले ते कोणाचे रान होते, हा प्रश्नही त्या संहितेला विचारला गेला पाहिजे.