एका गीताचा अर्थ आणि हॉलंडचें १९४५ साल

अर्थ लागत नाहीं म्हणून गाणें टाकून द्यावें, कीं कसाबसा अर्थ बसवूनच तें ऐकावें, हा वाद रसिकांत जुना आहे. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून निघणाऱ्या ज्या अमेरिकन संगीतास 'इंडी रॉक' म्हणतात, त्याच्या श्रोत्यांत तर तो नेहमींचाच. त्यांतील एकच उदाहरण आम्ही घेतों. कारण तें इतिहासाच्या प्रांतांत शिरतें, आणि तेथें आम्हांस बोलण्याचा थोडा अधिकार आहे.

'न्यूट्रल मिल्क हॉटेल' ह्या वाद्यवृंदाचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' हा गीतसंग्रह फेब्रुवारी १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला. गीतें जेफ मॅंगम यांचीं. दोन डोक्यांचा मुलगा, भूत, अशीं चित्रें त्यांत एकामागून एक येतात. संदर्भ मात्र सांगितलेला नाहीं. मॅंगम यांनींच एका मुलाखतींत सांगितलें, कीं ॲन फ्रँक हिची रोजनिशी वाचून आपण कांहीं दिवस रडत होतों, आणि काळांत मागें जाऊन तिला वांचवावें अशीं स्वप्नें आपणांस पडत. झालें! श्रोत्यांच्या हातीं किल्ली आली, आणि जो तो ती प्रत्येक ओळीस लावूं लागला.

आतां 'हॉलंड, १९४५' हें गाणें पाहूं. मुलीजवळ तिची बहीण तेवढी होती, आणि तोफांचा वर्षाव होण्यास कांहीं आठवडेच उरले होते, असें त्यांत आहे. येथें किल्ली बरोबर फिरते. ॲन व तिची वडील बहीण मार्गोट ह्या १९४५ च्या आरंभीं बेर्गेन-बेल्सेनच्या छावणींत मरण पावल्या. ब्रिटिश सैन्य तेथें १५ एप्रिलला पोंचलें. पण ती छावणी जर्मनींत! ४ ऑगस्ट १९४४ रोजीं ॲमस्टरडॅममधील लपण्याच्या जागेंतून हें कुटुंब धरलें गेलें आणि सप्टेंबरांत ऑशविट्झला नेलें गेलें. १९४५ सालीं ॲन हॉलंडांत नव्हतीच. पुढें हीच मुलगी स्पेनमध्यें मुलगा झालेली दिसते, आणि मग कोणाच्या तरी भावांचा उल्लेख येतो. ॲनला भाऊ नव्हता.

कोणी ह्यास कवीचें अज्ञान म्हणतात, कोणी ओढूनताणून भाऊही शोधतात. आम्हांस दोन्ही पटत नाहीं. हें गाणें ॲनचें चरित्र नव्हे. अर्ध्या शतकानंतर तिला वांचवूं पाहणाऱ्या एका माणसाचें तें स्वप्न आहे, आणि स्वप्नांत त्याच्या ओळखीचीं दुसरीं दुःखेंही येऊन मिसळणारच. त्याला तारखांची सक्ती कोण करणार?

परंतु श्रोत्यास ती सूट नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें ह्याच गाण्याच्या आधारें आपल्या निबंधांत ॲनला खुशाल हॉलंडांत पुरलें. अवघ्या १५ वर्षांची ती मुलगी. तिच्या मृत्यूचें ठिकाणही आम्ही गमवावें काय? आम्ही त्याला रोजनिशी वाचावयास दिली. ती १ ऑगस्ट १९४४ च्या नोंदीवर थांबते. पुस्तक परत करतांना त्यानें भावांविषयीं कांहींच विचारलें नाहीं. निबंधाचा कागद मात्र परत मागून घेतला.